‘डिनाय’ लिहायचं की ‘रिफ्यूज’? इंग्रजीत खुलासा लिहिण्याआधी एवढं करा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला असलेला खानापूर तालुक्यातला एक मुलगा दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. पहिला कागद म्हणजे कारणे दाखवा नोटीस. रविवारी ओव्हरटाइम करायला तू नकार दिलास, खुलासा दे, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं. दुसरा कागद त्यानं दिलेल्या खुलाशाची झेरॉक्स. त्यात मजकुराची एकच ओळ होती: ‘आय डिनाय टु वर्क ओव्हरटाइम.’ आणि त्या ओळीच्या कडेला साहेबांनी पेन्सिलीनं एक शब्द टाकला होता: ‘ॲडमिट्स’. म्हणजे कबूल.

“सर, मी नाही म्हटलोच नाही की! त्या दिवशी मला कोणी विचारलंच नव्हतं. तेच लिहिलोय मी.”

लिहायचं तेच होतं, कागदावर उतरलं उलटं. इंग्रजी वाचणाऱ्याला त्या ओळीतून कळलं ते असं: ‘मी ओव्हरटाइम करणार नाही.’

पोरगं आळशी नव्हतं. त्यानं डिक्शनरी उघडली होती, आणि घोळ तिथंच झाला. इंग्रजी-मराठी कोशात ‘डिनाय’पुढे ‘नाकारणे’ असतं, ‘रिफ्यूज’पुढेही ‘नाकारणे’ असतं. कन्नडकडे वळावं तर तिथला ‘निराकरिसु’ही दोन्हीकडे चालतो. आपल्या सीमाभागात घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कागदावर इंग्रजी असा रोजचा व्यवहार. दोन भाषा विचारून दोन्हींनी एकच उत्तर दिलं की माणसाला वाटतं, हे दोन शब्द एकच. तसे ते नाहीत.

खालचे टप्पे याच क्रमानं करा. व्याकरणाचा नियम आधी पाठ करून मग वाक्य लिहायला बसणारे हमखास चुकतात, म्हणून नियम मी मुद्दाम मागे ठेवला आहे.

टप्पा १ : तयारी, आणि तीन शब्दांना बंदी

कोरा कागद घ्या. ज्या पत्राला उत्तर द्यायचं ते समोर ठेवा आणि त्यातल्या ‘डिनाय’, ‘रिफ्यूज’ या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. भाषांतराचं ॲप बंद ठेवा, त्याचं काम शेवटी आहे.

आता म्हणायचं आहे ते मराठीत लिहा, पण घरी बोलता तसं. ‘नाकारणे’, ‘इन्कार करणे’ आणि ‘फेटाळणे’ हे तीन शब्द या कागदावर आणायचे नाहीत. कागदावर ते भारदस्त दिसतात, पण आतला अर्थ झाकून टाकतात. ‘फेटाळणे’ घ्या. पेपरात ‘आरोप फेटाळले’ छापून येतं, तिथं इंग्रजीत ‘डिनाइड’. ‘अर्ज फेटाळला’ असेल तर ‘रिजेक्टेड’. ‘मागणी फेटाळली’ असेल तर ‘रिफ्यूज्ड’ किंवा ‘रिजेक्टेड’. मराठी क्रियापद एक आणि इंग्रजीत ते तीन घरी जातं. मग कोशाला दोष देऊन काय उपयोग?

त्या मुलानं पहिल्यांदा लिहिलं, ‘मी ओव्हरटाइम नाकारल्याचा आरोप मला मान्य नाही.’ म्हटलं, हे राहू दे बाजूला, आईला काय सांगितलंस ते लिही. मग त्यानं लिहिलं: ‘मी कुठं नाही म्हटलो? मला विचारलंच नाही.’ एवढं मिळालं की अर्धं काम झालं.

*तपासा:* कागदावरचं वाक्य मोठ्यानं वाचा. एसटीत शेजारी बसलेल्याशी तुम्ही असंच बोलाल का? नसाल तर पुन्हा लिहा.

टप्पा २ : हा ‘नाही’ कुठला?

आपला ‘नाही’ एकटाच दोन कामं करतो. एक काम म्हणजे कुणीतरी केलेलं विधान खोडणं: ‘तसं नाही’, ‘ते खरं नाही’. जुन्या मराठीतला ‘नव्हे’ इथला. दुसरं काम म्हणजे एखादी गोष्ट करायला, घ्यायला किंवा द्यायला तयार नसणं: ‘नको’, ‘करणार नाही’, ‘देणार नाही’. पहिलं काम डिनायचं, दुसरं रिफ्यूजचं.

इथं आपल्याकडच्या माणसाला एक सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. बेळगावच्या बाजारात वावरलेल्याच्या कानात कन्नडचे दोन ‘नाही’ वेगवेगळे बसलेले असतात. ‘इद नंदल्ल’, हे माझं नव्हे, यातला ‘अल्ल’. आणि ‘ना ओल्ले’, मला नको, मी नाही जा, यातला ‘ओल्ले’. तुमच्या वाक्याचा भाव ‘अल्ल’चा असेल तर डिनाय, ‘ओल्ले’चा असेल तर रिफ्यूज. कन्नडमध्ये डिनायसाठी ‘अल्लगळे’ असा शब्दच आहे, त्यात तो ‘अल्ल’ उघड दिसतो.

*सावध:* कन्नडमधल्या ‘इल्ल’ला, म्हणजे साध्या ‘नाही’ला, या कामात हात लावू नका. आपल्या ‘नाही’सारखा तोही दोन्ही डगरींवर पाय ठेवून असतो.

टप्पा ३ : दोन मराठी चाळण्या

कन्नड येत नसेल, किंवा दुसऱ्या टप्प्यावर मन डळमळत असेल, तर मराठीतच दोन चाळण्या आहेत. शिकवताना मला यांच्याइतकं उपयोगी काही सापडलेलं नाही, म्हणून इथं जरा थांबू.

पहिली चाळणी ‘-ईना’ची. पोरगं जेवेना. म्हातारा सही करीना. दार उघडेना. चोर्ला घाटात गाडी बंद पडली ती काही केल्या चालू होईना. आपलं हे ‘-ईना, -एना’ म्हणजे इंग्रजीतलं ‘रिफ्यूज्ड टु’. ‘द ओल्ड मॅन रिफ्यूज्ड टु साइन.’ ‘द बाइक रिफ्यूज्ड टु स्टार्ट.’ गाडीला मन नसतं, तरी इंग्रजीत ती रिफ्यूज करते, आपल्याकडे ती जशी ऐकेनाशी होते तशीच. पण गाडी कधी डिनाय करत नाही. डिनाय करायला तोंड लागतं, कारण डिनाय म्हणजे बोलणं आहे. कुणीतरी काहीतरी म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘ते तसं नाही’ म्हणायचं.

दुसरी चाळणी ‘मी कुठं’ची. ‘मी कुठं घेतलो?’ ‘मी कुठं म्हटलो?’ वाक्य या साच्यात सहज बसलं तर डिनाय. ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’: पैसे मी कुठं घेतलो, असं तो म्हणाला. कानांवर हात ठेवणं म्हणजे डिनाय, नन्नाचा पाढा लावणं म्हणजे रिफ्यूज. विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगून काही वर्षं भागवलं, मग लक्षात आलं की म्हण लक्षात राहते आणि वाक्य तरीही चुकतं. म्हणून चाळणी लावायची ती अख्ख्या वाक्याला, सुट्या शब्दाला नाही.

नोटिशीतलं वाक्य पहिल्या चाळणीतून घाला: ‘हा रविवारी काम करीना.’ बसलं. कंपनीचा आरोप म्हणजे रिफ्यूज. मुलाचं उत्तर दुसऱ्या चाळणीतून घाला: ‘मी कुठं नाही म्हटलो?’ हेही बसलं. उत्तर म्हणजे डिनाय. म्हणजे शब्द त्यानं बरोबर निवडला होता. माती झाली ती पुढच्या टप्प्यावर.

*सावध:* काळ बघून ठरवू नका. ‘डिनाय मागच्या गोष्टीला, रिफ्यूज पुढच्या गोष्टीला’ असं काही क्लासांत सांगतात. ‘शी डिनाइज नोइंग हिम’, त्याला ओळखत नाही म्हणते, यात मागचं काय आहे?

टप्पा ४ : शब्दाच्या पुढे काय येतं

आता नियम. रिफ्यूजच्या पुढे क्रियापद आलं तर ‘टु’ लागतो: रिफ्यूज्ड टु साइन, रिफ्यूज्ड टु पे, रिफ्यूज्ड टु कम. डिनायच्या पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लागतं: डिनाइड साइनिंग, डिनाइड टेकिंग. किंवा ‘दॅट’ घालून अख्खं वाक्य जोडायचं: ‘ही डिनाइड दॅट ही टुक द मनी.’

उलटसुलट चालत नाही. ‘डिनाय टु’ नाही, ‘रिफ्यूज दॅट’ नाही, ‘रिफ्यूज्ड टेकिंग’ही नाही. पहिली चूक आपल्याकडे इतकी मुरली आहे की छापील मजकुरातही डोळ्यांखालून जाते. आणि ती नुसती व्याकरणाची चूक राहत नाही. ‘टु’ दिसला की वाचणारा आपोआप रिफ्यूजचा अर्थ लावतो. त्या मुलाच्या ओळीत ‘डिनाय’ होता तरी साहेबांनी ‘टु वर्क’ वाचलं आणि पेन्सिल उचलली.

पुढे क्रियापद नसून नाम असेल तर सोबत कुणाची आहे ते बघा. आरोप, बातमी, अफवा, जबाबदारी, एखादी गोष्ट माहीत असणं, यांच्याबरोबर डिनाय. आमंत्रण, मदत, जेवण, औषधोपचार, पैसे, यांच्याबरोबर रिफ्यूज. वडगावात कुणाच्या घरी गेलात, चहा नको म्हणालात आणि नंतर ‘आय डिनाइड द टी’ असं लिहिलंत, तर चहा नावाची वस्तू जगात आहे हेच तुम्हाला अमान्य आहे की काय असं वाटेल. ‘रिफ्यूज्ड’ लिहा. पाहुण्याची अदब राखायची असेल तर ‘डिक्लाइन्ड’ त्याहून बरा, तो हात जोडून ‘नको’ म्हणणारा शब्द आहे. ‘रिजेक्ट’ मात्र कागदपत्रं चाळून, तपासून बाजूला टाकणाऱ्याचा.

*तपासा:* लिहिलेल्या वाक्यात ‘डिनाय’वर बोट ठेवा आणि ते उजवीकडे एकच शब्द सरकवा. बोटाखाली ‘टु’ आला तर वाक्य मोडून पुन्हा लिहा. डिनायपुढे ‘टु’ घेऊन बसणारं बरोबर वाक्य तुमच्या कामात येणार नाही.

टप्पा ५ : उलट्या शब्दानं ताडून बघा

डिनायच्या उलट ॲडमिट, कबूल करणं. रिफ्यूजच्या उलट ॲग्री, तयार होणं. गंमत अशी की ही उलटी जोडीही त्याच साच्यात चालते: ‘ॲडमिटेड टेकिंग’, ‘डिनाइड टेकिंग’, ‘ॲग्रीड टु कम’, ‘रिफ्यूज्ड टु कम’. त्यामुळे ‘टु’ की ‘आयएनजी’ हे आठवत नसेल तर उलटं वाक्य करून बघा. ‘ॲग्रीड कमिंग’ बहुतेकांच्या कानाला लगेच खटकतं, तिथून मूळ वाक्य दुरुस्त करता येतं.

अर्थाची तपासणीही यातच होते. ‘त्यानं कबूल केलं’ हे जर तुमच्या वाक्याच्या उलट असेल, तर तुम्ही डिनायच्या बाजूला आहात. ‘तो तयार झाला’ हे उलट असेल, तर रिफ्यूजच्या. साहेबांनी पेन्सिलीनं ‘ॲडमिट्स’ लिहिलं ते म्हणूनच चपखल होतं: डिनाय लिहिणाऱ्या पोराच्या पदरात त्यांनी डिनायचा बरोब्बर उलटा शब्द टाकला.

टप्पा ६ : जिथं दोन्ही चालतात

आतापर्यंतची वाट सरळ होती, इथं दोन शेतांचा बांध एक होतो. परवानगी, प्रवेश, व्हिसा, जामीन, माहिती अशा गोष्टी ज्याच्या हातात आहेत त्यानं त्या दिल्या नाहीत, तर इंग्रजीत दोन्ही शब्द चालतात. ‘ही वॉज रिफ्यूज्ड एंट्री’ बरोबर, ‘ही वॉज डिनाइड एंट्री’ही बरोबर. सायबर कॅफेच्या स्क्रीनवर ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं ते याच घरातलं. तिथं कुणी काही खोडून काढत नाही, आत सोडत नाही एवढंच.

मग निवडायचं कसं? वाक्यात तुम्हाला कोण दाखवायचा आहे ते ठरवा. गावातल्या युवक मंडळानं दाखल्याची मराठी प्रत मागितली आणि ती मिळाली नाही, असं निवेदन लिहायचं आहे समजा. काउंटरवरचा कारकून आणि त्यानं केलेली कृती दाखवायची तर: ‘द क्लार्क रिफ्यूज्ड टु गिव्ह अस अ कॉपी.’ आपल्याला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, हे दाखवायचं तर: ‘वी वेअर डिनाइड अ कॉपी.’ डिनायमध्ये हक्काची छटा येते. शिक्षण, न्याय, हक्क या शब्दांबरोबर इंग्रजी माणूस डिनायच वापरतो. पहिल्या वाक्यात बोट माणसाकडे जातं, दुसऱ्यात नुकसानीकडे. निवेदनात मी स्वतः दुसरं वाक्य आधी घेतो आणि तारीख-वारासकट पहिलं त्याच्यामागे. उलट केलं की वाचणाऱ्याला ते निवेदन न वाटता भांडण वाटतं.

(तक्रारीचं निवेदन इंग्रजीतच द्यावं लागतं असं मात्र नाही. संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत ते देण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात आहे. तरी इंग्रजी प्रत जोडलेली बरी, कागद वर सरकायला सोपा जातो.)

*सावध:* दोन्ही चालतात म्हणून ‘द ऑफिस डिनाइड टु गिव्ह’ चालत नाही. साचा चौथ्या टप्प्यातलाच. ‘डिनाइड अस द कॉपी’ म्हणा, नाहीतर ‘रिफ्यूज्ड टु गिव्ह अस द कॉपी’.

टप्पा ७ : नामं, आणि एक कचऱ्याचा डबा

डिनायचं नाम डिनायल, रिफ्यूजचं रिफ्यूजल. यात फारसं कुणी अडखळत नाही. भूतकाळात डिनायचा ‘वाय’ जाऊन ‘आय-ई-डी’ येतं, तेवढं स्पेलिंग बघून घ्या.

अडखळायला होतं ते उच्चारात. रिफ्यूजचंच स्पेलिंग घेऊन इंग्रजीत दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ कचरा. तो बोलताना जोर पहिल्या अक्षरावर आणि शेवटी ‘स’: रेफ्यूस. आपल्या रिफ्यूजचा जोर दुसऱ्या अक्षरावर आणि शेवटी ‘झ’. मुलाखतीत ‘माय रेफ्यूस’ म्हणालात तर समोरचा हसणार नाही कदाचित, पण तुमचा कचरा कुठं आहे असा प्रश्न त्याच्या डोक्यात येऊन जाईल. ‘माय रिफ्यूजल’ म्हणा.

टप्पा ८ : आता लिहा, आणि मग ॲप उघडा

त्या मुलाचा दुसरा खुलासा आम्ही असा केला: ‘आय डिनाय दॅट आय रिफ्यूज्ड टु वर्क ओव्हरटाइम ऑन दॅट संडे. नो वन आस्क्ड मी टु वर्क.’ नोटिशीतला शब्द तसाच उचलला आणि त्याच्यापुढे डिनाय बसवला. दोन वाक्यांत मामला संपला. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’पासून सुरू होणारा परिच्छेद त्याला हवा होता, मी काढायला लावला. खुलाशात शब्द जितके कमी, तितक्या पेन्सिलीला जागा कमी.

आता भाषांतराचं ॲप उघडायचं, पण उलट दिशेनं. तुमचं इंग्रजी त्यात घाला आणि मराठी करून घ्या. मराठीत नुसतं ‘नाकारणे’ आलं तर त्यावर विसंबू नका, कारण मशीनलाही आपलाच घोळ होतो. त्याऐवजी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश, उघडा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांच्या अशा डिक्शनऱ्या इंटरनेटवर मोफत आहेत. तिथं अर्थ नाही वाचला तरी चालेल, पण शब्दाचा साचा ठळक अक्षरांत दिलेला असतो, ‘टु डू समथिंग’ की ‘डूइंग समथिंग’, तो तुमच्या वाक्याशी जुळवा.

सराव

आधी स्वतः लिहा, मग खालची उत्तरं बघा.

१. पोरगं दूध पिईना.
२. पैसे मिळालेच नाहीत असं तो म्हणतो.
३. कंडक्टरनं फाटकी नोट घेतली नाही.
४. मंत्र्यांनी बातमीचा इन्कार केला.
५. मुलीनं स्थळ नाकारलं.
६. ओव्हरटाइमला नकार दिल्याचा त्यानं इन्कार केला.

उत्तरं: पहिल्यात ‘रिफ्यूज्ड टु ड्रिंक’, ‘-ईना’ उघडच आहे. दुसऱ्यात ‘डिनाइज रिसीव्हिंग द मनी’. तिसऱ्यात ‘रिफ्यूज्ड द टोर्न नोट’ किंवा ‘रिफ्यूज्ड टु टेक’. चौथ्यात ‘डिनाइड द रिपोर्ट’. पाचव्यात ‘डिनाइड’ लिहिलं असेल तर पहिला टप्पा पुन्हा करा: बोलताना आपण ‘तिला नको होतं ते स्थळ’ म्हणतो, म्हणजे ओल्ले. ‘रिफ्यूज्ड’ चालेल, ‘टर्न्ड डाउन’ जास्त सहज.

सहावं मी त्या मुलालाच दिलं होतं. त्यानं लिहिलं, ‘ही डिनाइड रिफ्यूजिंग टु वर्क ओव्हरटाइम.’ मग पेन गालाला लावून म्हणाला, “सर, दोन्ही एकाच वाक्यात चालतात होय?”

“चालतात. मग आता जागा बदलून बघ.”

त्यानं खाली लिहिलं, ‘ही रिफ्यूज्ड टु डिनाय.’ दोन मिनिटं त्या ओळीकडे बघत बसला. “म्हणजे... विचारलं तर ‘नाही’ म्हणायलाबी तयार नाही. गप्प बसला.”

“बरोबर. आणि गप्प बसला की साहेब काय समजतात?”

त्यानं ती ओळ खोडली आणि वरची तेवढी ठेवली.